तेलकट चेहऱ्यावर नवीन फाउंडेशन कसं पारखायचं आणि स्किनकेअरचे सल्ले कुठवर ऐकायचे

माझा चेहरा शाळेत असल्यापासून तेलकट. सकाळी आंघोळ करून निघाले की डोंबिवली स्टेशनचा जिना चढेपर्यंत नाक चमकायला लागतं आणि ठाणे येईपर्यंत कपाळाला टिश्यू लावला तर तो आरपार दिसतो. त्यामुळे फाउंडेशन हा विषय मी कित्येक वर्षं लांबच ठेवला होता, काजळ-लिपस्टिक लावायची आणि निघायचं. मग चुलत बहिणीचं लग्न ठरलं, फोटो काढायचे म्हणून पहिल्यांदा घ्यायला गेले आणि पाठोपाठ दोन बाटल्या चुकीच्या आल्या, एक शेडमुळे आणि दुसरी चार तासांत चेहऱ्यावरून सुटून आली म्हणून. त्यानंतर मी नीट शिकले, वाचलं, त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गोष्ट स्वतःच्या चेहऱ्यावर, स्वतःच्या रोजच्या दिवसात तपासून बघायची सवय लावली. तीच पद्धत इथे लिहितेय, कारण तेलकट चेहऱ्याच्या मुलींना दुकानात काय किंवा घरात काय, जे सांगितलं जातं त्यातलं बरंच त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलेलंच नसतं.

आधी तेलाचं थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जातं. हे तेल म्हणजे सीबम, ते त्वचेतल्या तेलग्रंथी बनवतात आणि कपाळ, नाक, हनुवटी इथे त्या ग्रंथी दाट असतात म्हणून तिथेच आधी चमक येते. किती तेल बनणार हे मुख्यतः अँड्रोजेन हार्मोन आणि आईवडिलांकडून मिळालेली त्वचा ठरवते. फेसवॉशने वर आलेलं तेल जातं, ग्रंथी काही बंद होत नाहीत, थोड्या तासांत पुन्हा तेवढंच वर येतं. म्हणून दिवसातून पाच-पाच वेळा चेहरा धुऊन हाती काही लागत नाही, उलट वरचा थर रखरखीत होतो, ताणल्यासारखं वाटतं आणि अशा त्वचेवर कुठलंही फाउंडेशन बसत नाही, खपल्या-खपल्या दिसतात. सकाळ-संध्याकाळ दोनदा, आणि घामाने अगदी थबथबून घरी आलात तर अजून एकदा, एवढं पुरे.

तुमची त्वचा नक्की कुठे किती तेलकट आहे ते घरी बघता येतं. सुट्टीच्या दिवशी साध्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, पुसा आणि वर काहीही लावू नका. तासाभराने टिश्यूचे चार तुकडे घेऊन कपाळ, नाक, गाल, हनुवटी असे वेगवेगळे दाबा. चारही तुकड्यांवर डाग आला तर पूर्ण तेलकट, फक्त नाक-कपाळावर आला तर मिश्र. आणि डागही आला आणि गालाला ताणही बसतोय असं झालं तर तेल आहे पण पाणी कमी आहे, हे खूप जणींचं असतं आणि ओळखलंच जात नाही. मी स्वतः त्यातली. सगळं मॅट, म्हणजे चमक न ठेवणारं, सगळं ऑइल कंट्रोल असं घेत गेले आणि गालावर फाउंडेशन फाटत गेलं, कारण गालाला तेल नको होतं हे खरं पण मॉइश्चरायझर हवं होतं.

आता दुकान. सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला जा, उजेड चांगला असतो आणि काउंटरवर गर्दी नसते. चेहऱ्यावर मेकअप नको, पण रोज जे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावता ते मात्र लावूनच जा कारण फाउंडेशन त्याच्याच वर बसणार आहे. आणि चेहरा शांत असेल तेव्हा जा. काल फेशियल केलंय, परवा नवीन सीरम सुरू केलंय, आठवड्याभरात पाळी येणार आहे म्हणून हनुवटीवर पुळ्या आल्यात, अशा वेळी जे दिसेल त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

माझी पहिली बाटली कशी चुकली ते सांगते. दादरला एका दुकानात गेले, काउंटरवरच्या मुलीने माझं मनगट उलटं केलं, त्यावर एक रेघ ओढली आणि म्हणाली, 'मॅम ही शेड घ्या, चेहरा एकदम खुलेल.' पिवळ्या दिव्यांच्या आरशात ते खरंच छान दिसलं. घरी येऊन खिडकीत बघितलं तर चेहरा पांढरट आणि मान सावळी, राख फासल्यासारखं. तिने माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ बाटली माझ्या गळ्यात मारली होती. हे इतकं सर्रास होतं की मनाशी पक्कं करूनच जा: मला गोरं दिसायचं नाहीये, मला माझ्या रंगाचं हवंय. फाउंडेशनचं काम रंग एकसारखा दिसायला लावणं एवढंच आहे. खुलायचं काम लिपस्टिक करते, साडी करते.

तर मनगट नाही, हातावर नाही. जबड्याच्या कडेला, कानाखालून मानेकडे उतरणाऱ्या भागावर तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढायच्या, एक तुम्हाला वाटते ती, एक तिच्यापेक्षा थोडी उजळ, एक थोडी गडद. टेस्टर थेट चेहऱ्याला लावू देऊ नका, त्याला दिवसभर किती हात लागलेले असतात, आधी टिश्यूवर किंवा स्वच्छ काडीवर घ्या आणि मग लावा. आता दुकानाच्या बाहेर फुटपाथवर या आणि फोनच्या कॅमेऱ्यात नाही, छोट्या आरशात बघा, कारण फोन आपल्या मनाने चेहरा उजळवतो. जी रेघ गाल आणि मान दोन्हीत मिसळून दिसेनाशी होते ती तुमची. आपल्याकडे बऱ्याच जणींचा चेहरा मानेपेक्षा गडद असतो, कपाळ आणि तोंडाभोवती तर आणखीच. तेव्हा मानेला धरून चला, नाहीतर फोटोत मुखवटा दिसतो.

अंडरटोनचं, म्हणजे त्वचेच्या रंगाखालच्या पिवळसर-गुलाबी झाकेचं, जे सांगतात, मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या बघा, ते सावळ्या त्वचेवर फारसं कळत नाही, मला तर कधीच कळलं नाही. त्यापेक्षा रेघेकडेच बघा. रेघ गुलाबी उठून दिसली तर तुम्हाला पिवळसर झाकेची हवी, रेघ केशरी दिसली तर जास्त पिवळी किंवा ऑलिव्हकडे जाणारी हवी, रेघ करडी दिसली तर ती उजळ तरी आहे नाहीतर गुलाबी तरी आहे. एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर कुठल्याही कंपनीच्या शेडच्या नावाने गोंधळायला होत नाही. आणि ती नावं-नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, मैत्रिणीची एका कंपनीची १२८ नंबरची शेड जमली म्हणून दुसऱ्या कंपनीत तोच नंबर शोधायला जाऊ नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, लगेच पैसे देऊ नका. रेघा तशाच ठेवून निघून जा, निदान पाऊण तास. दादरला असाल तर फुलबाजारात काय हवं ते घ्या, छबिलदासच्या गल्लीत वडापाव खा, उन्हात जरा घाम येऊ दे. फाउंडेशन ओलं असतं तेव्हा एक रंग, वाळलं की दुसरा, आणि आपलं तेल त्यात मिसळलं की तिसरा. त्यातले रंगाचे कण तेलाने भिजले की गडद दिसतात, कपडा ओला झाला की गडद दिसतो ना, तसं. बोलीभाषेत याला ऑक्सिडाइझ झालं म्हणतात. तेलकट चेहऱ्यावर हे जास्त होतं, आणि म्हणून दुकानात अगदी परफेक्ट वाटलेली शेड दुपारी केशरी-काळपट होते. पाऊण तासाने परत त्याच फुटपाथवर आरशात बघा. तेव्हा जी जुळेल ती घ्या, आणि दोन शेडमध्ये अडकलात आणि दोन्ही वाळल्यावर गडद होताहेत असं दिसलं तर किंचित उजळ असलेली.

कुठल्या प्रकारचं घ्यायचं यात मला फार घोळ घालायचा नाही. तेलकट चेहऱ्याला मॅट किंवा नॅचरल फिनिशचं, पातळ, हलक्या ते मध्यम कव्हरेजचं, म्हणजे त्वचा थोडीफार झाकणारं, लिक्विड बहुतेक वेळा चालून जातं. ड्यूई, ग्लो, ल्युमिनस असं लिहिलेलं, म्हणजे मुद्दाम चमक देणारं, आपल्याकडच्या दमट हवेत तासाभरात तळलेल्या पापडासारखं दिसतं. फुल कव्हरेजचा मोह पुळ्या-डाग असणाऱ्यांना होतो आणि मला तो पूर्ण समजतो, पण जाड थर जास्त लवकर सुटतो, त्यापेक्षा हलकं फाउंडेशन आणि डागावर फक्त ठिपकाभर कन्सीलर जास्त टिकतं. बाटलीवरची घटकांची यादी वाचायला शिका, जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या चार-पाच नावांत पाणी आणि डायमेथिकोन किंवा शेवटी सिलॉक्सेन येणारं काही दिसलं तर ते सिलिकोनचं आहे. सिलिकोनला घाबरायचं कारण नाही, ते छिद्रांवरून गुळगुळीत बसतं आणि तेलकट त्वचेवर चांगलं टिकतं. फक्त खालचं प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा गुळगुळीत थर, आणि सनस्क्रीन त्याच्याशी जमतंय का ते बघावं लागतं, नाहीतर खोडरबराने खोडल्यासारखे गोळे निघतात.

नॉन-कॉमेडोजेनिक या शब्दाबद्दल थोडं. म्हणजे छिद्रं न बुजवणारं. कुठला घटक छिद्रं बुजवतो याच्या जुन्या याद्या बऱ्याचशा सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आल्यात, घटक सुटा आणि भरपूर लावून. माणसाच्या चेहऱ्यावर, तयार बाटलीत थोड्या प्रमाणात तोच घटक तसाच वागेल असं नाही. आणि बाटलीवर हा शब्द छापायला सगळ्यांना लागू असलेली एकच ठरलेली परीक्षा नाहीये. असेल तर बरंच, पण तो बघून डोळे झाकून घेऊ नका, आणि नाही म्हणून टाकूनही देऊ नका.

छोटी बाटली किंवा ट्यूब मिळत असेल तर तीच घ्या, बऱ्याच कंपन्या आता १५-२० मिलीची देतात. काही काउंटरवर मागितलं तर थोडं सॅम्पल देतात, मी पर्समध्ये कॉन्टॅक्ट लेन्सची कोरी डबी ठेवते त्यासाठी. तीन-चार दिवसांचं मावतं.

घरी आणल्यावर खरी परीक्षा. पहिले तीन-चार दिवस रोज थोडंसं कानामागे आणि जबड्याच्या एका कोपऱ्यात लावा. खाज, आग, लाली, बारीक पुरळ असं काही आलं तर थांबा. हे आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला जास्त सांभाळावं लागतं कारण आपल्याकडे साधी आग झाली, पुळी आली, तरी ती बरी झाल्यावर मागे काळा डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. पुढे सल्ल्यांबद्दल जे लिहिलंय तेही याच कारणासाठी, हा डाग डोक्यात ठेवून वाचा.

मग अर्ध्या चेहऱ्याची परीक्षा, ही मला सगळ्यात उपयोगी पडली. एका बाजूला नवीन फाउंडेशन, दुसऱ्या बाजूला जुनं, आणि जुनं नसेल तर नुसतं सनस्क्रीन-पावडर. हे रविवारी घरी पंख्याखाली करून काही कळत नाही, ऑफिसच्या दिवशी करा, गाडीची गर्दी, ऊन, एसी सगळं लागू दे. हलकं लावलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चार वेळा फोटो काढायचा, निघताना, अकराला, जेवणानंतर, आणि सहाला, आणि शक्यतो एकाच खिडकीपाशी. माझ्या दुसऱ्या बाटलीच्या वेळी हे केलं असतं तर लग्नाच्या दिवशी कळलं नसतं, आधीच कळलं असतं. त्या दिवशी मंगलाष्टकं झाली तोवर ठीक होतं, पंगत बसली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फाउंडेशन बारीक दाण्यांसारखं गोळा झालं, वरच्या ओठावर घामाबरोबर वाहून पट्टा उघडा पडला, आणि गालावर मात्र जसंच्या तसं. तेव्हा फोटोत बघायचं ते हेच, नाकाच्या कडा, ओठाच्या वर, हसताना पडणाऱ्या रेषा, भुवयांमधली जागा. नुसती चमक आली असेल तर काळजी नाही, ती टिपता येते. पण फाउंडेशनच तुटून जागा सोडत असेल तर तुमचं आणि त्याचं जमत नाहीये, किंवा खालच्या थराचं आणि त्याचं जमत नाहीये, एकदा सनस्क्रीन बदलून बघा आणि मग ठरवा. लग्नकार्यासाठी घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत फ्लॅश टाकून एक फोटो काढाच, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा बारीक सिलिका पावडर असलेल्या गोष्टी फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा करतात.

पुळ्या येतात का हे मात्र एका दिवसात कळत नाही. ॲलर्जी किंवा आग लगेच ते दोन-चार दिवसांत दिसते, पण छिद्र आतून बुजून पुळी वर यायला काही आठवडे जातात. म्हणून नवीन फाउंडेशनला निदान तीन-चार आठवडे द्या आणि त्या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका. काहीही म्हणजे तेलही नाही, सीरमही नाही, नवीन शॅम्पूही नाही. एकदम तीन गोष्टी आणल्या आणि चेहरा बिघडला तर दोष कोणाला देणार, आणि सुधारला तरी कशामुळे ते कळणार नाहीच.

लावायची रीत अशी. जेल किंवा पाण्यासारखं हलकं मॉइश्चरायझर, वाटाण्याएवढं. मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा ५०, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढं, आणि हे फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे म्हणून गाळायचं नाही, कारण सनस्क्रीनएवढं फाउंडेशन कोणी थापत नाही. मग दहा मिनिटं थांबा, डबा भरा, केस विंचरा. चेहरा हाताला चिकट लागत असेल तर टिश्यू हलका दाबून घ्या. प्रायमर लावायचा तर फक्त नाक आणि कपाळाच्या मधल्या भागावर. फाउंडेशन एक पंप, त्यातलंही अर्धं आधी, ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजने थापून थापून, ओढायचं नाही. गालाच्या मध्यापासून सुरू करा, नाकावर शेवटी स्पंजवर उरलेलंच लावा कारण सगळ्यात आधी तिथलंच सुटतं. सैल पावडर तिथेच, दाबून. दुपारी चमक आली की आधी टिश्यूने किंवा ब्लॉटिंग पेपरने तेल टिपा आणि मग वाटलं तर कॉम्पॅक्ट. तेलावरच कॉम्पॅक्ट थापलं की कणिक मळल्यासारखे थर बसतात, मी गाडीत रोज बायकांना असं करताना बघते आणि सांगावंसं वाटतं. रात्री आधी क्लीन्सिंग बाम किंवा मायसेलर वॉटरने काढा, मग फेसवॉश. आणि स्पंज आठवड्यातून एकदा तरी साबणाने धुऊन हवेशीर जागी पूर्ण वाळवायचा, पावसाळ्यात तर त्याला आतून बुरशी येते आणि बाहेरून कळतही नाही.

हवामान विसरू नका. माझी मामेबहीण नागपूरला असते, आम्ही दोघी एकच फाउंडेशन वापरतो, शेडही एकच. मे महिन्यात माझ्याकडे ते घामाने वाहतं आणि तिच्याकडे कोरड्या उन्हात गालावर भेगा पडल्यासारखं दिसतं, ती त्यात मॉइश्चरायझरचा थेंब मिसळते आणि मी पावडर वाढवते. ती म्हणते, 'ताई, तुझं ऐकलं असतं तर माझा चेहरा भिंतीसारखा झाला असता.' बरोबर आहे तिचं. कोणीही कसलीही शिफारस केली की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, तू राहतेस कुठे?

इथून सल्ल्यांकडे येते. तेलकट चेहरा दिसला की मावशीपासून पार्लरवालीपर्यंत सगळ्यांकडे उपाय असतो आणि बहुतेक जण मनापासून सांगतात, म्हणून उद्धटपणे झिडकारावंसं वाटत नाही. मी चार प्रश्न मनात विचारते. सांगणाऱ्याची त्वचा माझ्यासारखी आहे का. त्यांनी किती दिवस वापरून बघितलं, दोन दिवस की दोन महिने. यातून त्यांना काही मिळतंय का. आणि चुकलं तर माझं काय नुकसान होईल. शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. मुलतानी माती चुकली तर दोन दिवस चेहरा कोरडा पडेल, तेवढं चालतं. लिंबू चुकलं तर डाग सहा महिने. व्हिडिओ बनवणाऱ्यांना पैसे मिळाले असतील तर ते सांगणं २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेच्या नियमात आहे, आणि २०२३ पासून आरोग्याचे सल्ले देणाऱ्यांनी आपली पात्रताही सांगायची आहे. तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरात जाहिरात, पार्टनरशिप असं कुठे लिहिलंय का ते बघत जा. लिहिलं म्हणजे खोटंच असं नाही, पण मग ते मत म्हणून न ऐकता जाहिरात म्हणून ऐकायचं.

घरगुती गोष्टींतलं माझं मत असं. मुलतानी माती तेल शोषते, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, तडकेपर्यंत ठेवू नका. डाळीचं पीठ, मसूर डाळीचं उटणं दिवाळीत अंगाला खुशाल लावा, पण पुळ्या असलेल्या चेहऱ्यावर रवाळ काहीही घासायचं नाही. लिंबू नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास, लिंबाचा रस २ च्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठू शकतात. खाण्याचा सोडा त्याच्या उलट, पीएच ८ च्या वर, तोही नको. टूथपेस्टने पुळी सुकते असं वाटतं, खरं तर भोवतीची त्वचा भाजते. खोबरेल तेल केसांना, पायांना उत्तम, तेलकट चेहऱ्यावर छिद्रं बुजवू शकतं, आणि रात्री केस चपचपीत करून झोपलात तर तेच तेल उशीवरून कपाळावर येतं. कपाळभर एकसारख्या बारीक पुळ्या येत असतील तर आधी हे बंद करून बघा.

एका गोष्टीवर मात्र मी जास्त बोलणार आहे. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीला मेडिकलवाल्याने डागांसाठी एक ट्यूब दिली, स्वस्त, छोटी. आठ दिवसांत चेहरा इतका स्वच्छ झाला की आम्ही सगळ्यांनी नाव विचारलं. ती दीड वर्ष लावत राहिली. थांबवली की दोन दिवसांत चेहरा लाल, आग, पुरळ, म्हणून परत लावायची. शेवटी गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, उन्हात दोन मिनिटं उभं राहवेना. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं कुठलंही नाव ट्यूबवर दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरांनी तुमचा चेहरा बघून ठरावीक दिवसांसाठी दिलं असेल तरच लावायचं. सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरीही काउंटरवर मिळतात. त्वचाविकार तज्ज्ञांनी या बिघडलेल्या चेहऱ्यासाठी वेगळं नावच ठेवलंय इतके रुग्ण येतात. 'आठ दिवसांत गोरं करणारं' क्रीम कोणी डबीत भरून, लेबल न लावता दिलं तर ते चेहऱ्याजवळही आणू नका. आणि आधीच लावत असाल तर एकदम बंद करून आग सहन करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते त्यातून सावकाश बाहेर काढतात. माझी मैत्रीण बाहेर आली, वर्ष लागलं.

ज्या गोष्टींना खरा आधार आहे त्या थोड्या आहेत आणि कंटाळवाण्या आहेत. सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंत, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत पोचतं, ब्लॅकहेड्सना चांगलं, आठवड्यातून दोन-तीनदा सुरू करा. नायसिनामाइड २ ते ५ टक्के, सौम्य, तेल थोडं कमी दिसतं आणि डागांनाही मदत होते, १० टक्क्यांच्या मागे लागायची गरज नाही. लाल पुळ्यांना बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, जास्त टक्क्याने फक्त आग वाढते, आणि याने टॉवेल-उशीचा रंग उडतो हे लक्षात ठेवा. पुळ्यांवरचं ॲडापलीन जेल डॉक्टरांना विचारून, गरोदर असाल किंवा त्या विचारात असाल तर नाही. यातलं एका वेळी एकच, आणि आठ ते बारा आठवडे. तेलामुळे होणारा त्रास कमी करायचा तर आधी हेच, फाउंडेशन बदलून तेल कमी होत नाही.

चेहऱ्यावर खोल दुखणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा तेलकटपणाबरोबर पाळी पुढे-मागे होतेय, हनुवटीवर जाड केस येताहेत असं असेल तर मेकअपचं नंतर बघू, आधी डॉक्टर. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, असू शकतं आणि त्याला वरून लावायच्या गोष्टी पुऱ्या पडत नाहीत. जाताना पाटीवरची डिग्री वाचा, एमडी डर्मॅटॉलॉजी, डीएनबी डर्मॅटॉलॉजी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल असं असलं की तो त्वचेचा डॉक्टर. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर नोंदणी क्रमांक विचारा, विचारायला संकोच वाटू देऊ नका, फी आपण देतोय.

राहिलं बाटलीचं. ऑनलाइन घेताना फारच स्वस्त दिसलं तर थांबा, नकली खूप येतात. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, परवाना क्रमांक, आणि परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं छापलेलं असायला हवं. उघड्या डबीच्या चित्रात १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. मी उघडल्या दिवशीची तारीख बाटलीच्या बुडाला मार्करने लिहिते आणि खाली शेडचा नंबर आणि महिना, कारण मे महिन्यात उन्हाने रापलेल्या चेहऱ्याला जी जुळते ती जानेवारीत गडद होते. सध्या माझ्याकडे दोन आहेत, एकावर 'मे' लिहिलंय, एकावर 'डिसेंबर', आणि मधल्या महिन्यांत हाताच्या पाठीवर दोन्ही अर्धी-अर्धी मिसळते.